डब्याचा हिरवा दोरा

३ नोव्हें., सोम.
आज अकरावा दोरा. फाटकाच्या कडीले. मोजले मी. नळ, गॅसचं बटन, फ्रीजचं हँडल, कपाटाची किल्ली, बायकोच्या चष्म्याचं घर, मोबाइलचं कव्हर... वैशाली नगरच्या सत्संगात ताईंनी सांगतलं म्हणे, मन विसरभोळं आहे, जिथं जिथं हात जाते तिथं लाल दोरा बांधा, दिसला की एक डाव रामाचं नाव घ्या. सुनंदानं ऐकलं अन् घराचं इलेक्ट्रिक पॅनल करून टाकलं.
साडेसातले गाडी काढली. एकोणतीस वर्षं झाली लग्नाले, रोज फाटकात उभी राहून म्हणे, "सांभाळून जाजा." आज कडीले हात लावला, ओठ हालले, मिटले. राम. वळणावर मागं पाहिलं तं बाई आत गेलेली.

५ नोव्हें., बुध.
डब्यातल्या भाजीत दोनदा मीठ. गपगुमान खाल्ली. राम राम करता करता पडलं असन.
जळून राहिलो मी. लिहूनच टाकतो, इथं कोण वाचते. छप्पन वर्षांचा माणूस, प्लांटमधला सीनियर इलेक्ट्रिशियन, अन् देवावर जळते! माणूस असता तं दोन शिव्या देऊन मोकळा झालो असतो. याले काय देता?
माझं नाव तिच्या तोंडून एकच डाव निघालं, लग्नाच्या उखाण्यात. तेही बायांनी दार अडवलं म्हणून. तेव्हापासून 'अहो', 'आइका', 'राणीचे पापा'. अन् त्याचं? नळ सोडला की त्याचं नाव, फ्रीज उघडला की त्याचं नाव. शालिक म्हणून कोणी या घरात राहते, हे तिले तरी आठवत असन का?

७ नोव्हें., शुक्र.
राणीचा पुण्याहून फोन. म्हणलं, तुझी आई माझ्याशी बोलतच नाही आजकाल. हासली पोट्टी. "पापा, आप भी ना! भगवान से कौन जलता है?" मी म्हणलं, जळत नाही, फक्त सांगून राहिलो. ते अजून हासली.
मी काही नास्तिक नाही. शनिवारी हनुमानाले नारळ फोडतो. पण आपली एक मर्यादा असते ना बापा. तिले अशी काय ओढ लागली? मले विचारलं असतं तं मीही बसलो असतो बाजूले, टाळ्या वाजवत.

१० नोव्हें., सोम.
हद्द झाली. आज माझ्या डब्याच्या कडीलेही दोरा! हिरवा. लाल संपला असन.
डब्यात लिंबाचं लोणचं निघालं, वेगळ्या डबीत. लाल माठाच्या भाजीत लसूण भरपूर, मले आवडते तशी. सोबत काम करणारा साहू बाजूले बसून जेवत होता, म्हणे, "का बात हे भैया, भउजी आज बड़ खुश हे का?" काय सांगू त्याले. माझं तोंड वाकडंच. घर घेतलं तं घेतलं, आता माझा डबाही देवानं घेतला. मी प्लांटमध्ये जेवतो तिथं त्याचं काय काम?

१२ नोव्हें., बुध.
कापला. जेवणाच्या सुट्टीत, प्लायरनं. एक कट. कचऱ्याच्या ड्रमात टाकला. बरं वाटलं. मंग नाही वाटलं.
घरी आल्यावर तिनं डबा घासला, कडीवर बोट फिरवलं, पालथा घातला. चोर मी, अन् घाम मले.

१५ नोव्हें., शनि.
तीन दिवस झाले, लोणचं नाही. भाजी आहे, पोळ्या मऊ आहेत, मीठ बरोबर आहे. तक्रार करावी असं काहीच नाही. तरी डबा कोण्या कँटीनमधून आल्यासारखा.
सकाळी साहेबांनी नवीन लोकांसमोर टॅगचा नियम सांगायले मलेच उभं केलं. नेहमीचंच भाषण. मशीनमध्ये हात घालायच्या आधी स्विच पाडा, त्याच्यावर आपला नाव-फोटोवाला लाल टॅग लटकवा. टॅग आहे म्हणजे आत माणूस आहे. ज्यानं लावला त्यानंच काढायचा, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, जनरल मॅनेजरनंही नाही. तीस वर्षांत हे वाक्य हजार डाव म्हणलो असन. आज मधातच अडखळलो. साहू पाहून राहिला होता.

१६ नोव्हें., रवि.
दुपारी ते शेंगा सोलत बसली होती. मी पेपर धरून बाजूले. शेवटी म्हणलं, "डब्याचा दोरा मी कापला."
"माहीत आहे. प्लायरचा कट समजते मले."
"देवाले राग येईन का?"
"त्याले कावून येईन? थो दोरा त्याचा होता काय? देवाचे सारे लाल आहेत. हिरवा तुमचा होता."
मी पेपर खाली ठेवला. तिनंच सांगतलं. नाम घेता घेता डब्यात काय भरून राहिली तेच ध्यानात राहत नव्हतं. त्या दिवशीची खारट भाजी तिनं मंग दुपारी खाऊन पाहिली, तोंडात धरवली नाही. "अन् तुमी काही बोललेही नाही. लाज वाटली मले. म्हणलं, डबा भरताना फक्त तुमचा विचार करीन. तेवढ्या वेळ त्याचाही नाही. तुमच्या जुन्या स्वेटरची लोकर होती ते."
पुन्हा बांध, असं म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "चहा होईन का?"
चहा दिला तिनं. आलं टाकून. मंग शेंगा घेऊन आत गेली.

१७ नोव्हें., सोम.
वायरिंगमध्ये जन्म गेला अन् रंग पाहिला नाही! लाल काय, हिरवा काय, पहिल्या दिवशी शिकवतात. हिरवी म्हणजे अर्थिंग. ते काढून टाकली तरी मशीन चालत राहते, कोणाले काही समजत नाही. हात लावला की समजते.
अकरा त्याचे, एक माझा. अन् तेवढा एक मीच कापला. वा रे शालिक. तरी एक सांगतो, जळणं कमी झालं नाही. उलट वाढलं. त्याचे अकराच्या अकरा जागेवर आहेत.

१९ नोव्हें., बुध.
पेटीत जुना रद्द झालेला टॅग सापडला. माझं नाव, फोटो, केस काळेभोर. खाली छापलेलं, 'माणूस कामावर आहे. काढू नका.' देवघराच्या खिळ्याले लटकवला, रामाच्या फोटोच्या बाजूले. लेकराच्या वरताण केलं, माहीत आहे. पण तिथंच सुनंदा सर्वात जास्त पाहते ना.
संध्याकाळी दिवा लावायले आली.
"हे काय, देवाजवळ?"
"ज्यानं लावला त्यानंच काढायचा. नियम आहे."
"अस्सं? अन् दुसऱ्याचा दोरा?"
मी बाहेर जाऊन गाडी पुसली. सकाळीच पुसली होती.

२१ नोव्हें., शुक्र.
टॅग जागेवर आहे. काल तिनं देवघर पुसलं, टॅग उचलून त्याच्या मागची धूळ पुसली, पुन्हा तसाच सोडला. डब्याची कडी मात्र रिकामी.
आज थंडी होती. हेल्मेटची काच श्वासानं धुरकट झालेली. फाटक लावायले ते आली, कडीवरच्या लाल दोऱ्याले हात लावला. ओठ हालले. मी रोज पाहतो, राम म्हणलं की शेवटी मिटतात. आज मिटले नाही. शालिक म्हणलं की मिटत नाही. की मिटले होते, अन् मलेच दिसले नाही? काच वर करेपर्यंत तिनं पदर तोंडाले लावला होता.
"काय म्हणली?"
"काही नाही. जा, उशीर होईन."
वळणावर मागं पाहिलं. ते फाटकातच होती.