पोटाचं दुखणं

सावदा, १० एप्रिल २०२५

चि. सौ. सुनंदाबाईस अ. उ. आ.

फोनवर हे बोलायची लाज वाटते, म्हणून लिहितो. तुझ्या भाचीने, आमच्या हेमांगीने, माळकऱ्याच्या घराचं नाव बुडवलं. जावई भूपेंद्रराव येऊन गेले. त्यांनी मोबाइलमध्ये दाखवलं, हातात दारूचा ग्लास आणि खदाखदा हसणं! बिचारे रडत होते. म्हणाले, बाकी सगळं सोसीन, पण चारूला या आईच्या हाती देणार नाही. मी पारावर सर्वांदेखत सांगून टाकलं, मला मुलगी नाही. यंदा आखाजीच्या सणाला तिला माहेरी आणायला मुऱ्हाळी जाणार नाही. तूही दार उघडू नकोस.

तोतारामचे आशीर्वाद.

धुळे, १८ एप्रिल

ती. दाजींना सा. न. वि. वि.

जावई रडला म्हणे! कांदा कुठल्या बाजारातून आणला होता, ते तरी विचारायचं. केळीचा घड दहादा उलटून पाहणारे तुम्ही, जावयाचं रडणं तेवढं न पाहता घेतलंत? आणि तो मोबाइल समोर कोणी धरला होता हो?

मी न सांगता पिंप्राळ्याला हेमांगीच्या सासरी गेले. तो दुकानावर होता. पोरगी भर दुपारी भिंत धरून चालत होती. आधी म्हणे लाडाने, माझ्यासोबत घे. मग सक्ती. नको म्हटलं की चारूला आत कोंडायचा. ग्लास रिकामा होईपर्यंत लेकरू आत रडतंय, आई बाहेर पितेय. पाजून झालं की हसवायचा आणि मोबाइल धरायचा. आता अंगाला सवय लागली, नाही मिळाली की हात कापतात, तेव्हा बाटली कुलपात ठेवून पाया पडायला लावतो. आणतो तो, ओततो तो, किल्ली त्याच्या खिशात, आणि दारुडी ती! वा रे न्याय! माळ गळ्यात घालतात दाजी, डोळ्यांवर नाही.

दोघींना घेऊन आले. डॉक्टरांचं औषध चालू आहे, पोलिसांत तक्रारही दिली. जावई फोनवर गुरगुरला. म्हटलं, माले बठ्ठं माहीत शे, तुझं सगळं कळलंय, ये धुळ्याला, आमची गल्ली वाटच पाहतेय.

राग आला तर येऊ द्या. लोभ आटू देऊ नका.

सुनंदा

सावदा, २३ एप्रिल

चि. हेमांगीस अ. उ. आ.

मावशीचं पत्र वाचलं. जेवण गेलं नाही. माझं चुकलं, पोरी. आखाजीला तुझ्या भावाला, हितेंद्रला, मुऱ्हाळी पाठवतो. चारूला घेऊन ये. गावात फक्त पोटाचं दुखणं होतं असं सांगू. लोकांची तोंडं कशाला उघडायची?

तुझा आबा

धुळे, २६ एप्रिल

ती. आबांना शि. सा. न.

हात अजून थरथरतो, अक्षर सांभाळून घ्या. मावशी लिहून देत होती, मीच नको म्हटलं.

आबा, माझं पोट कधी दुखलंच नाही. मला मुलगी नाही, हे सांगताना तुम्हाला लोकांची तोंडं आठवली नाहीत. ती आताच कशी आठवली? तो चारूला माझ्यापासून तोडायला हेच सांगत फिरतोय की आई दारुडी आहे. तुम्ही पोटाचं दुखणं पुढे करून खरं लपवलंत, तर त्याचंच खरं होईल.

पारावर उभं राहून एवढंच बोला: मला मुलगी आहे, आणि माझ्या जावयाने तिचं लेकरू कोंडून तिला दारू पाजली. ते तुमच्याने बोलवलं तर दादाला पाठवा, मी पिशवी भरून बसते. नाही बोलवलं तर त्याला उन्हातान्हात हेलपाटा देऊ नका.

लोभ असावा, आणि तो चारचौघांत असावा.

तुमची मुलगी,
हेमांगी