आपली आगबोट उलटी धावली

१६ फेब्रुवारी, रविवार दुपार

व्याहीबुवा,

सप्रेम नमस्कार. आम्ही दोघं ठीक आहोत, तुम्ही आणि विहीणबाईही ठीक असाल असं धरून चालतो. बाकी खुशाली नंतर, कारण बातमी पोटात मावत नाहीये. आपली आगबोट चालली! खऱ्या पाण्यात, खऱ्या वाफेवर. इतकी वर्षं तुम्ही तिकडे लाकूड तासलंत, मी इकडे तांबं ठोकलं, आणि आज सकाळी बागेतल्या तळ्यावर ती सुटली ती थेट पलीकडच्या काठाला जाऊन टेकली.

फक्त एक झालं. ती उलटी गेली.

हसू नका. किंवा हसाच, आम्हीही हसलो. पण क्रमाने सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, घड्याळजी असून याला आधी काय नि नंतर काय ते कळत नाही.

तुमची लाकडी बोट बुधवारी पोचली. औषधाच्या दुकानातला सगळा कापूस तुम्ही तिच्याभोवती गुंडाळलेला दिसतोय, गिऱ्हाइकांना काय देताय आता? बोट काढली आणि तळावरून हात फिरवला. एक फळी कुठे संपते नि दुसरी कुठे लागते ते कळेना. मी जन्मभर डोळ्याला भिंग लावून फटी शोधत आलोय, मलासुद्धा एक सापडली नाही. मागचा पितळी पंखा तर असा बसवलाय, की फुंकर मारली तरी फिरतो. पार्सलात चिठ्ठी मात्र नव्हती. दरवेळी तुमच्या चार सूचना आणि एक टोमणा असतो, म्हणून मी कापूस पुन्हा उसकटून पाहिला. असो.

मी लगेच बॉयलर आणि इंजिन आत बसवलं. तुम्ही आखलेल्या जागेत ते असं बसलं, की पातळ कागदही मध्ये जाऊ नये. आता प्रश्न उरला पहिल्या वाफेचा. ज्याने बॉयलर केला त्याने पहिल्या वेळी दाबाच्या काट्यासमोर बसायचं नाही, हा नियम तुमचाच. बापाला आपलं पोर कधी आजारी दिसत नाही, असं कारणही तुम्हीच दिलं होतंत. आधीच्या दोन्ही बॉयलरांच्या वेळी तुम्ही गाडी पकडून आलात, काट्यासमोर बसलात आणि मला खोलीबाहेर काढलंत. या वेळी कोणाला बसवणार? शेवटी हिला विचारलं. तुमच्याकडून आलेल्या कुठल्याही वस्तूला मी शिवणार नाही, असं ही महिनाभर म्हणत होती. पण मी एकटाच स्पिरिटचा दिवा पेटवायला निघालोय हे पाहिल्यावर चष्मा पुसत आली आणि बसली. लाल खुणेच्या बरीच आधी ओरडली, पण बसली. आणि वाफ वर जाऊन शिटी वाजली तेव्हा तिचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता.

मग मला धीर कुठला! आधी घरच्या टबात चालवून बघायचं, हे मीच तुम्हाला किती वेळा लिहिलंय. आम्ही दोघं सरळ तळ्यावर गेलो. माळी होता, त्याने गवत कापणं थांबवलं. फिरायला आलेली चार माणसं जमली. मी नाक पलीकडच्या काठाकडे करून बोट पाण्यात सोडली, वाफेची चावी उघडली, आणि बोट मोठ्या रुबाबात मागे येऊन माझ्या बुटांवर आदळली. मला वाटलं, वारा असेल. पुन्हा सोडली, पुन्हा बुटांवर. मग माळी म्हणाला, "काका, तिला तोंड तुमच्याकडे करून सोडा की." सोडली. व्याहीबुवा, काय धावली हो! शेपूट पुढे, धुराडं ताठ, मागे पांढरी वाफ, बदकं वाट सोडून बाजूला. ही पोट धरून हसत होती. तिचं हसणं बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

घरी येऊन डोक्याला हात लावला. मी तुम्हाला कळवलं होतं, पंखा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणार, तशी पाती वळवा. मी लिहिलं ते टेबलावरच्या इंजिनाकडे समोरून बघत. तुम्ही पाती वळवलीत ती बोटीच्या मागे उभं राहून. दोघंही बरोबर, आणि बोट उलटी! मागून उघडलं की घड्याळाचे काटे दुसऱ्या बाजूने फिरतात हे मला कोणी सांगायला हवं का? आयुष्य गेलं घड्याळं मागून उघडण्यात.

दुरुस्ती सोपी आहे. हे इंजिन वाफ आत नेणारी आणि बाहेर सोडणारी नळी अदलाबदल केली की उलटं फिरतं. चहा निवायच्या आत होईल. पाना हातात घेतलाही होता.

पण केलं नाही. आता जे लिहायचं टाळत इथवर आलो ते लिहितो.

बोटीच्या नाकावर तुम्ही मुलांच्या नावांची पहिली अक्षरं रंगवली होतीत. साखरपुड्याच्या आठवड्यात तुम्ही तो फोटो पाठवला होता, तो अजून माझ्या कामाच्या टेबलासमोर आहे. बुधवारी बोट आली तेव्हा तिथे नुसतं लाकूड होतं. घासून, वर पॉलिश देऊन. इतक्या सफाईने, की ज्याला माहीत नाही त्याला कळणारही नाही. मला माहीत होतं. मी पाहिलं आणि मला फार वाईट वाटलं.

तुमचं बरोबरच आहे. आमची लेक आणि तुमचे चिरंजीव वेगळे झाले, आता ती अक्षरं कशाला? ती दोघं शहाण्यासारखी वागली, भांडण नाही, तमाशा नाही. आदळआपट केली ती या दोन आयांनी, आणि आपण दोघं तोंडात गुळणी धरून बसलो. माझ्या दोन पत्रांना तुमचं उत्तर नाही. मग बिनचिठ्ठीची बोट आली तेव्हा वाटलं, हा हिशेब मिटवला. तुमचा वाटा तुम्ही पाठवून दिलात, आता बोट माझी, आणि तुमचा माझा संबंध संपला.

मला अशी बोट नको आहे. तुमच्याशिवाय मी तिचं काय करू?

तळ्यावरून येताना ही काय म्हणाली सांगतो. म्हणाली, "त्या दोघांपेक्षा तुम्हा दोघांचंच जास्त जमलं होतं. बोलवा त्यांना. त्यांनाही आणि त्यांच्या बायकोलाही." शेवटचे शब्द जरा पुटपुटली, पण मी ऐकले.

तेव्हा नळ्या आहेत तशाच ठेवल्या आहेत. पाना डब्यात आहे. येत्या रविवारी सकाळी मी बोट घेऊन त्याच काठावर असेन. तुम्ही आलात तर काट्यासमोर तुम्ही बसा, मी लांब उभा राहतो, नळ्या दोघं मिळून बदलू. येताना बारीक ब्रश आणि रंग आणा. नाकावरच्या मोकळ्या जागेत काय लिहायचं ते तळ्यावर ठरवू. आणि नाही आलात, तर बोट उलटीच चालवीन आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगेन की पाती औषधवाल्याने वळवली आहेत.

मुलांनी त्यांच्या कागदांवर सह्या केल्या. माझी सही कोणी मागितली नव्हती, आणि मागितली असती तरी मी दिली नसती.

विहीणबाईंना आम्हा दोघांचा नमस्कार सांगा. हो, दोघांचा.

तुमचा व्याही
(हे मी पुसलेलं नाही.)