धाकटीला अडवण्याचा बेत

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्याने दगा दिल्यामुळे खुर्चीत बसूनच घातला आहे, पण मनाने पूर्ण आडवा झालो आहे, तेव्हा गोड मानून घे.) भावोजींची कंबर कशी आहे? त्यांना म्हणावं, झाडांना नुसतं पाणी घाला, कुंड्यांच्या जागा बदलू नका. तुझी ॲसिडिटी काय म्हणते? हे पत्र वाचून होईपर्यंत ती वाढणार आहे, म्हणून आधीच विचारून ठेवतो. इकडे सगळं ठीक. ही ठीक, दुकान ठीक, आणि अण्णा तर इतके ठीक आहेत की त्यापायीच हे सगळं रामायण घडलं. फोनवरच सांगणार होतो, पण फोनवर तू मधे बोलतेस आणि मग मला जे सांगायचं असतं ते सोडून मी भलतंच कबूल करून बसतो. पत्रात तुला मधे बोलता येत नाही.

तर ताई, तुझा हुकूम मला शब्दन् शब्द पाठ होता. धाकटी येतेय, आणि ह्या खेपेला तिला परत जाऊ द्यायचं नाही. डोंगरापलीकडच्या त्या धर्मादाय हॉस्पिटलात तिने उभं आयुष्य घातलं, पुरे झालं. मागच्या वर्षी कावीळ झाली ती आपल्याला कळली कधी, तर बरी झाल्यावर. तू फोनवर रडत म्हणाली होतीस, पुढच्या वेळी नुसता निरोप येईल रे, माणूस नाही यायचं. ते वाक्य माझ्या पोटात अजून तसंच पडून आहे. म्हणून सांगतो, मी कामात कुचराई केली नाही. मी जे जे केलं ते तिला थांबवायलाच केलं, एवढं ध्यानात ठेवून पुढचं वाच.

तिला आणायला स्टँडवर गेलो तर मी तिला ओळखलंच नाही. समोरून एक वाळकी, पिकल्या केसांची बाई आली आणि तिने माझं मनगट धरलं. मला वाटलं, चोर! तोवर तिची बोटं नाडीवर गेली होती आणि ती म्हणत होती, दादा, जिने जपून चढ. (ती सगळ्यांना अशीच भेटते. नमस्कार नाही, गळाभेट नाही, थेट नाडी. मग डोळ्याची खालची पापणी ओढून बघते. हिला बघितलं, हिला लोहाच्या गोळ्या. दूधवाल्याला बघितलं, त्याला सिगारेट बंद.) सामान म्हणशील तर अंगावरच्या पिशवीत दोन साड्या आणि शेजारी दोन अजस्र ट्रंका. मी जीव खाऊन उचलायला गेलो आणि मागच्या मागे कोलमडलो, कारण ट्रंका रिकाम्या होत्या! त्या म्हणे जाताना भरून न्यायच्या. घरी आल्यावर हिने चहा दिला, तो हातात धरून धाकटी बसल्या बसल्या झोपली. पायात चपला, पाठ ताठ, आणि कपातला एक थेंब सांडला नाही. ही आणि मी समोर उभे राहून बघत राहिलो. ही हळूच म्हणाली, वन्संना कितीतरी वर्षं कुणी झोपू दिलेलं दिसत नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच बंद-चालू बटणं तपासली.

पुढे रोज तिच्या गाठीभेटी. तिचे जुने मित्र, मैत्रिणी, औषधं-चादरी पाठवणारी मंडळी, सगळ्यांकडे ती स्वतः जाणार, दारात उभी राहून आभार मानणार, मागणार काही नाही. मी पिशवी घेऊन मागे. ताई, काय सांगू तुला! ती चष्मेवाल्याच्या दुकानात गेली, फक्त म्हणाली की गेल्या वेळी दिलेल्या चष्म्यांतला एक तिथल्या एका आजीला लागू झाला आणि त्या आजीने नातीचं तोंड पहिल्यांदा नीट बघितलं. बस, एवढंच. चष्मेवाला, जो मला पंख्याच्या दुरुस्तीत रुपया सोडत नाही, तो खाली बसला आणि काचेचं अख्खं कपाट रिकामं करायला लागला. मी आ वासून बघत होतो. आपल्याच घरातली ना ही? जिची वेणी तू घालायचीस आणि जी पालीला बघून खाटेवर चढायची, तीच ना? ज्या गल्लीत मला जन्मभर 'ए मिक्सरवाले' म्हणतात तिथे आता 'डॉक्टरांचे भाऊ' म्हणायला लागले आहेत. (एकाने तर मलाच जीभ काढून दाखवली.)

पण मी हुरळून गेलो नाही. माझ्याकडे हुकमी पत्ता होता, तो म्हणजे अण्णा. धाकटी जगात कुणाचं ऐकत नाही, पण बाप म्हणून अण्णांचा शब्द तिने कधी मोडलेला नाही, हे तुलाही माहीत आहे. अण्णांनी एकदा 'राहा' म्हटलं की झालं. अडचण एकच, अण्णांना ऐकू येत नाही. मी आणून दिलेलं कानाचं मशीन शिट्ट्या मारायचं. मग मी ते उघडून, दोन ठिकाणी सोल्डर मारून, आवाज दुप्पट केला. (मोटर वाइंडिंग करणाऱ्या माणसाला एवढंसं मशीन म्हणजे काय! असं मला वाटलं होतं.) त्यानंतर ते दुप्पट शिट्ट्या मारायला लागलं. तर धाकटी आंघोळीला गेली की मी अण्णांच्या उशाशी बसायचो आणि बेंबीच्या देठापासून ओरडायचो, तिला राहा म्हणा! तुम्ही म्हणालात तर राहील! आमचं नाव सांगू नका! अण्णा प्रसन्नपणे मान हलवायचे आणि विचारायचे, पाणी आलं का नळाला?

एका गुप्त कटाची इतकी बोंब आजवर कुणी केली नसेल. दूधवाल्याने दारात विचारलं, मग राहणार का डॉक्टरीणबाई? वरच्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीतून मला धीर दिला. इस्त्रीवाला म्हणाला, जरा वेगळ्या शब्दांत सांगून बघा. सगळ्या गल्लीला कट माहीत, फक्त दोघांना नाही, एक अण्णा आणि दुसरी धाकटी, अशा समजुतीत मी होतो. तर धाकटी ओले केस पुसत बाहेर आली आणि म्हणाली, दादा, घसा बसेल तुझा.

रागावली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याजवळ येऊन बसली आणि अगदी साधेपणाने म्हणाली, "थकलेय रे मी. अण्णा राहा म्हणाले तर राहीन. खरंच राहीन. पण मी तिथे काय करते ते त्यांना आधी कळू दे. त्यांना न कळता त्यांनी सांगितलेलं मी ऐकणार नाही." आता अण्णांना कळणार कसं? तिने पिशवीतून बॅटरी काढली, अण्णांचा कान ओढून आत बघितलं, मग दुसरा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. ती नजर तुला माहीत आहे. दोन-तीन दिवस कानात थेंब, मग कोमट पाणी आणि मोठी पिचकारी, आणि अण्णांच्या कानातून काय निघालं ते मी पत्रात लिहीत नाही, तू जेवायच्या वेळी पत्र वाचतेस. एवढंच सांगतो, त्या मळाच्या बुचावर आम्ही मशीन लावलं होतं, वर मी त्याचा आवाज दुप्पट केला होता.

अण्णांनी भिंतीकडे मान वळवली. मग म्हणाले, घड्याळ चालू आहे की हे! डोळे मिटून घड्याळाची टिकटिक ऐकत बसले होते ग, आणि चेहरा असा झाला होता की ही पदराने डोळे पुसायला लागली. धाकटी मात्र पिचकारी धुवायला निघून गेली. तिच्या दृष्टीने काम झालं होतं. मी तिच्या पाठीकडे बघत राहिलो. असं ती दिवसातून कितीदा करत असेल, आणि तिला त्याचं काहीच वाटत नाही! पुढचे दिवस आमचे फार वाईट गेले ती गोष्ट वेगळी. अण्णांच्या देखत वाटेल ते बोलायची आम्हाला सवय झालेली. मी जेवताना म्हणालो, अण्णांना काय विचारायचं, ते कशालाही होच म्हणतात. तर पलीकडून आवाज आला, नाही म्हणतो! माझ्या हातातला घास हातात राहिला.

शेवटी धाकटीच्या मंडळींना आपल्या घरी बोलावलं. ही युक्ती माझीच. म्हटलं, अण्णांच्या समोर सगळे मिळून तिला गळ घालू. बैठकीच्या खोलीत दुकानातल्या खुर्च्या आणून मांडल्या. तिच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका आल्या, चष्मेवाला आला, वरच्या काकू आल्या, बाकी गल्ली खिडकीत. प्रत्येकाला मी आधी पढवून ठेवलं होतं. मुख्याध्यापिकाबाईंनी सुरुवातही झकास केली, आता वयाचा विचार कर मुली, वगैरे. मग अण्णा म्हणाले, थांबा, आधी ती काय करते ते ऐकू दे. आणि धाकटी सांगायला लागली.

भाषण नव्हतं ग ते. ती जशी भाजी काय आणली ते सांगते तसं सांगत होती. एक बाळंतीण, डोंगर उतरवून खाटेवर आणलेली, मूल अडलेलं. पोट उघडलं आणि जनरेटर बंद पडला. मग एकाने मोटरसायकल थेट दारातून आत घेतली आणि तिच्या दिव्याच्या उजेडात धाकटीने ऑपरेशन पुरं केलं. दोघं जगली. काकू मुसमुसत होत्या, चष्मेवाल्याने चष्मा काढला होता. आणि नेमकं तेव्हा मी विचारलं, "जनरेटरला झालं काय होतं? कॉइल गेली होती का?" (हिने मला असा चिमटा काढला की वळ अजून आहे.) पण धाकटीने लक्षणं सगळी नीट सांगितली, कधी बंद पडतो, वास कसा येतो, आणि मी पुढे सरकून विचारतच सुटलो. निर्जंतुक करायचं यंत्र पण धड तापत नाही म्हणे, लसींचा फ्रिज पण कुरकुरतो. ताई, त्या फ्रिजला फक्त एक रिले लागेल! अण्णा माझ्याकडे एकटक बघत होते.

मग तिने दुसरी गोष्ट सांगितली. एक लहान मूल गेलं. औषध कपाटात होतं, सगळं होतं. पण त्या आठवड्यात काविळीने ती स्वतःच पडून होती, तिला उठवलं तेव्हा उशीर झाला होता. म्हणजे तू सांगत होतीस तेच, आणि नेमकं त्याच्या उलटही. ती तिथे राहिली तर ती जाईल, आणि ती नसली तर तिथले जातील.

अण्णांनी विचारलं, "तू आजारी होतीस तेव्हा तुला पाणी कोण देत होतं?"

तिने विचार केला. खरोखर आठवून बघितलं. मग म्हणाली, "लक्षात नाही, अण्णा."

माझी खात्री झाली, आता अण्णा 'राहा' म्हणणार. धाकटीचीही झाली असावी, कारण तिने मान खाली घातली आणि पदर मुठीत धरला. अण्णा म्हणाले, "राहा असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? आणि एकटी जा असंही म्हणणार नाही. आम्ही येतो." एवढं बोलून त्यांनी हिला विचारलं की आपली मोठी बॅग माळ्यावर आहे का. धाकटी रडली ग ताई. भर खोलीत, सगळ्यांसमोर, नाक वर ओढत, लहानपणी रडायची तशी. मला वाटतं ती त्या एका वाक्याची इतकी वर्षं वाट बघत होती आणि आपण सगळे तिला राहा किंवा जा एवढंच म्हणत होतो. मला माझी लाज वाटली आणि अण्णांचा इतका अभिमान वाटला की काय सांगू.

तर हा असा वृत्तान्त. धाकटी भरलेल्या ट्रंका घेऊन पुढे गेली. 'आम्ही' म्हणजे अण्णा आणि मी, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. दुकान ही बघणार आहे. (गिऱ्हाइकांना सांगितलं तर ती सगळी एकदम खूश झाली, हे मला आवडलेलं नाही.) अण्णांच्या वयाची काळजी तू करशील म्हणून सांगतो, आम्ही थेट हॉस्पिटलातच राहणार आहोत, ह्याहून जवळ डॉक्टर कुठे मिळणार? भावोजींना नमस्कार. थोरल्या माणसाने रागवायचं असतं, तेव्हा मनसोक्त रागाव.

तुझ्या आज्ञेतला आणि आज्ञेबाहेर गेलेला,
भाऊ

ता. क. मी सेवाबिवा करायला चाललेलो नाही, गैरसमज नको. तो जनरेटर एकदा उघडून बघितल्याशिवाय मला झोप लागणार नाही, एवढंच.

आणखी एक ता. क. मला चहासुद्धा धड करता येत नाही हे तू जाणतेस. अण्णांना वाढणार कोण, धाकटीला जेवायला ओढून बसवणार कोण? तिथे चादरी, झबली, ऑपरेशनचे अंगरखे शिवायलाही कुणी नाही, आणि शिवणाचं मशीन मात्र धूळ खात पडलं आहे. आमची गाडी तुझ्या गावावरूनच जाते. स्टेशनवर नुसती भेटायला येऊ नकोस, सामान घेऊनच ये. तुझं तिकीट काढलं आहे. भावोजींचं विचारून काढणार होतो, पण विचारलं की ते नाही म्हणतात, म्हणून न विचारता काढलं.

शेवटचा ता. क. अण्णांनी पत्र वाचून घेतलं आणि पेन मागितलं. खालचं अक्षर त्यांचं आहे.

चि. ताईस आशीर्वाद. हा फार लिहितो. तू तिची वेणी घालायचीस. आता तिचा कंगवासुद्धा मोडका आहे, मी बघितला. ये.