काटे काढलेला बांगडा

३ फेब्रु., मालवण
मासळी बाजारात कार्यक्रम. राणी, आमची मोडक्या पंखाची ब्राह्मणी घार, हातमोज्यावर घेऊन तासभर उभी. घसा फोडून सांगतेय, पिल्लू पडलेलं दिसलं तर पाळू नका, फोन करा. कोण ऐकतंय! सगळ्यांना सेल्फी हवी. मासे विकणाऱ्या जैनबीने तेवढं विचारलं, "खाता काय ता?" मासे, म्हटलं. की पुढचा फोटो.

२६ फेब्रु.
जैनबी आमच्या पक्षी बचाव केंद्रावर हजर. टोपलीत घारीचं पिल्लू! कार्यक्रमानंतर दोनच दिवसांनी माडावरून पडलेलं. म्हणजे तीन आठवडे घरात. जाम चिडले. "गो बाय, आधी बरा करून मगे देऊया म्हटलंय."
पिसं झकास, डोळे लख्ख. पण उभंच राहत नाही. भरवलं काय? "बांगडो. एकेक काटो काढून. घशात अडाकलो तर?" नातवाला भरवते तस्सं. अरे देवा. काट्यांशिवाय हाडं धरणार कशी?

२७ फेब्रु.
कुडाळला एक्स-रे. डॉ.नी फिल्म उजेडाला धरून दाखवली. दोन्ही पाय वाकलेत. आता अख्खे मासे, कॅल्शियम, ऊन. "आठवडाभर बघू, मग ठरवू." काय ठरवायचं ते दोघांनाही माहीत. लांबवतोय झालं.
रागवायचं तरी कुणावर? बाजारात मी "मासे" म्हणून मोकळी झाले. "काट्यांसकट" एवढं म्हणायला काय झालं होतं मला?

२ मार्च
जैनबी रोज बाजार आटपून येते. पिल्लू तिला बघून चोच वासतं, पोटावर सरपटत जाळीपर्यंत येतं. ती हरखते, "माका वळाखता गो!"
हेच तर वाईट. पाय सुधारले तरी हे माणसांमागेच जाणार. सांगायला गेले, जमलं नाही. शाळाशाळांतून बोलत फिरते मी. हिच्यासमोर दातखीळ.

५ मार्च
डॉ. उद्या दहाला इंजेक्शन घेऊन येणार, शेवटचं. पिल्लू अजून उभं नाही.
संध्याकाळी तिने सरळच विचारलं, "ह्या माज्यामुळा झाला मा?"
नाही, म्हटलं.
"मगे कोणामुळा?"
तोंडाशी आलं होतं. राणीचं पाणी बदलायचंय म्हणून उठले. भित्री कुठली.
जाताना म्हणाली, "उद्या बाजार नाय करणंय. सकाळीच येतंय." येऊ नको म्हणवलं नाही.