काळी व्याली, कालवड झाली

आई, इथे एक म्हातारी बाई होती, तिच्याबद्दल तुला सांगायचं आहे. तू गेलीस तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, म्हणजे जर्मनी तुला फक्त माझ्या भूगोलाच्या पुस्तकातली ठाऊक. दोन हजार चारच्या शरदात मी इंगोलश्टाटला आले. मोटारींच्या दारांच्या बिजागऱ्या बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी होती, आणि शहरात घर मिळेना म्हणून बसने पस्तीस मिनिटांवरच्या एका खेड्यात वरचा मजला भाड्याने घेतला. आजूबाजूला बिअरमध्ये घालतात त्या हॉप्सचे मळे. कापणी झाल्यावर तिथे नुसते उंच खांब आणि तारा उरतात. खिडकीतून दिवसभर तेच दिसायचं. ऑफिसात दिवसाला दहा वाक्यं बोलले तरी पुष्कळ, त्यातली चार 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर'. शुक्रवारी संध्याकाळी घरी आले की सोमवारी सकाळपर्यंत माझा आवाज मला ऐकू येत नसे.

घरमालकीण खालच्या मजल्यावर एकटी राहायची. पंच्याऐंशीच्या आसपासची. गावातल्या नाव-नोंदणीचा कागद, आनमेल्डुंग म्हणतात, तो सहीसाठी घेऊन गेले तर तिने तो नाकाशी धरला, तिरका केला, मग म्हणाली, "तूच सांग कुठे सही करू. मला मधलं काही दिसत नाही, कडेकडेचं दिसतं." हे ती इंग्रजीत म्हणाली, आणि ते इंग्रजी जर्मन माणसाचं नव्हतं. ती मुळात इंग्लंडची, एका शेतकऱ्याची मुलगी. लढाईत पकडलेले जर्मन कैदी तिकडे शेतांवर कामाला दिले होते, त्यातला एक यांच्याकडे होता. लढाई संपल्यावरही तो दोनेक वर्षं तिथेच राहिला, आणि परत निघाला तेव्हा ही त्याच्याबरोबर लग्न करून आली. वडील बोलायचे बंद झाले. आई बोलत होती, पण कामापुरतं. त्यानंतर ती दोनदाच माहेरी गेली, एकदा वडिलांच्या आणि एकदा आईच्या मातीला.

मी मनातल्या मनात त्यांना आजी म्हणत असे. मी आल्याच्या पहिल्याच हिवाळ्यात त्यांचा इंग्लंडमधला भाऊ वारला, शेत दुसऱ्याकडे गेलं आणि दोन खोकी कुरियरने इथे आली. आत आजींच्या आईच्या डायऱ्या. बी-बियाणांच्या दुकानदाराने दर वर्षी फुकट दिलेल्या, छोट्या, मेणकापडी पाठीच्या, शिवाय पाकिटात कोंबलेले कागद, डुकरिणीच्या वंशावळी, पावसाची मापं. आजींचा मुलगा ब्राउनश्वाइगला असतो, महिन्यातून एकदा यायचा. त्याने एक डायरी उघडली, "हे अक्षर मला लागत नाही, मामा," म्हणाला आणि परत ठेवून दिली. इथे आईला मामा म्हणतात, तुला हसू आलं असतं. मला ते अक्षर लागत होतं. मग दर शनिवारी दुपारी मी खाली जायचे, आजी चहा करायच्या, आणि मी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मोठ्याने वाचायचे.

त्यात काय असायचं सांगू? पाऊस. पूर्वेचा वारा. वाटाणे पेरले. कोल्ह्याने तीन कोंबड्या नेल्या. पाय दुखतो, चर्चला गेले नाही. रोज तीन ओळी, कधी दोन. वाचता वाचता मला तू दिसायचीस, कऱ्हाडच्या आपल्या स्वयंपाकघरात, दाराच्या मागच्या कॅलेंडरसमोर, कानावर पेन्सिल अडकवलेली. सिलिंडर लावला. पाणी नाही. धाकटीला ताप, एकशे एक. शेजारच्या वहिनी बाळंत, मुलगी. मी सहावीत असताना एका चौकोनात फूल काढलं होतं, तेव्हा तू माझ्या हातातून पेन काढून घेतलंस आणि म्हणालीस, "सगळं घर तुमचं आहे. एवढं कॅलेंडर माझं आहे. त्याला हात लावायचा नाही." तू कधी आवाज चढवत नसायचीस, म्हणून ते बोलणं अजून लक्षात आहे.

आणि दुसरं, जे तुला बहुधा आठवत नसेल. मी पुण्याला हॉस्टेलवर गेले, तू माझ्यासाठी ड्रॉइंगला लागणारा मिनी ड्राफ्टर आणून ठेवला होतास, बाबांनाही न सांगता. एसटी स्टँडवर तो माझ्या हातात दिलास आणि बस सुटायच्या आधीच परत फिरलीस. दिवाळीला घरी आले तेव्हा मी पहिल्यांदा काय केलं असेल, तर कॅलेंडरची मागची पानं उलटून तो दिवस शोधला. त्या चौकोनात लिहिलं होतं, 'गव्हाचं दळण'. बस्स. मी तुला विचारलं, "मी गेले त्या दिवशी दळण लिहिलंस? माझं काहीच नाही?" तू पोळी लाटत होतीस. मागे न बघता म्हणालीस, "तू काय विसरण्यासारखी आहेस का? विसरायला होतं ते लिहिते मी." मला ते उत्तर पटलं नाही. दोन दिवस मी तुझ्याशी धड बोलले नाही, आणि ती आपली शेवटून दुसरी दिवाळी होती.

वसंत येईपर्यंत आम्ही आजींच्या लग्नाच्या वर्षापर्यंत पोचलो होतो. त्यांनी घाई केली नाही, पानं गाळू दिली नाहीत. मात्र त्या शनिवारी त्यांनी केस विंचरून पिन लावली होती आणि चहा करायला विसरल्या होत्या. मी वाचत आले. उन्हाळा संपतो, गहू मळून होतो, बटाटे काढायला सुरुवात होते. "आता तो दिवस," आजी म्हणाल्या. "सकाळची पहिली बस होती. आई फाटकापर्यंत आली नव्हती. वाच."

मी पाहिलं. 'उघाड. उत्तरेचा वारा. बटाट्याचे चार वाफे काढले. काळी व्याली, कालवड.' एवढंच होतं. पोरीचं नाव नाही, बस नाही. मला एकदम ते दळण आठवलं. समोर ही बाई साठ वर्षांनी हात मांडीवर ठेवून बसलेली. मी वाचलं, "उघाड. उत्तरेचा वारा. ती पहिल्या बसने गेली. घर शांत आहे."

त्यांनी मान थोडी बाजूला वळवली. मग म्हणाल्या, "परत एकदा."

मी परत सांगितलं.

"मघाशी तू 'शांत' म्हणालीस. आता 'रिकामं' म्हणालीस."

मी म्हटलं, "अक्षर थोडं पुसट आहे."

"आल्झो, तर मग," त्या म्हणाल्या, रागाने नाही, एखाद्या कामाला लागावं तशा. "माझी आई असलं काही लिहिणारी नव्हती. आता जे आहे ते वाच."

मी वाचलं. काळी व्याली इथपर्यंत आले आणि त्यांनी हात वर केला. "काय व्याली?" "काळी. कालवड झाली." त्यांनी मला आधीची पानं उलटायला लावली. सबंध वर्षात, त्याच्या आधीच्या वर्षात, कुठे गाय व्याल्याचं लिहिलंय का बघ. मी पाहिलं. कोंबड्या होत्या, डुकरीण होती, गाय एकदाही नव्हती. "कशी असेल," आजी म्हणाल्या. "गोठ्याची वही माझी होती. लहानपणी एका गाईने आईला भिंतीशी दाबलं, तेव्हापासून ती गोठ्यात पाय ठेवत नसे. काळी मी बाटलीने दूध पाजून वाढवली होती. मी गेले त्या दिवशी ती व्याली असेल तर आत जायला दुसरं होतं कोण? वडील भावाला घेऊन बाजाराला गेले होते, मला निरोप द्यायला लागू नये म्हणून." मी पुढची पानं वाचली. काळी बरी आहे. काळीने आज खाल्लं. कालवड उभी राहते. सबंध महिनाभर, रोज, वाऱ्याच्या आणि पावसाच्या बरोबरीने. आजी खिडकीकडे तोंड करून ऐकत होत्या. कडेकडेचं दिसायचं म्हणून त्या माणसाकडे नीट बघायचं असलं की नेहमी बाजूला बघायच्या. नंतर एवढंच म्हणाल्या, "मला हे कळवायला तिला कुणी अडवलं होतं?" आणि उठून चहा ठेवला.

त्या रविवारी मी कॉलिंग कार्ड वापरून बाबांना फोन केला, आईची जुनी कॅलेंडरं आहेत का विचारायला. बाबा म्हणाले, "अगं, ती स्वतःच दर जानेवारीला काढून ट्रंकांच्या तळाशी अंथरायची. ट्रंका आपण घर बदललं तेव्हाच गेल्या. तुला काय हवं होतं त्यातलं?" मी म्हटलं, "काही नाही, सहज." मग त्यांनी इकडच्या थंडीबद्दल विचारलं.

आजी मागच्या वर्षी गेल्या. मुलगा आला, त्याने घर आवरलं, आणि डायऱ्या त्यांच्या आईच्या गावाकडच्या एका दप्तरखान्याला द्यायचं ठरवलं, तिथे शेतकरी घरांचे असे कागद जपून ठेवतात. खोकी भरायला मीच मदत केली. महिन्याभराने तिथल्या बाईंचं फार सभ्य पत्र आलं, सगळं मिळालं, आभारी आहोत, फक्त मधलं एक वर्ष दिसत नाही, ते कुठे राहिलं असेल का? मुलाने ते पत्र मला पाठवलं, तुझं इंग्रजी चांगलं आहे, तूच उत्तर दे म्हणून. मी उत्तर दिलं की ते वर्ष आमच्याकडे आलंच नव्हतं.

ते माझ्याकडे आहे, आई. स्वेटरांच्या कप्प्यात. कुणाला सांगितलेलं नाही. परत द्यायला हवं हे मला कळतं, आणि मी ते देणार नाहीये.