राजसबाईनं हाक कशी मारावी

पुणे, ४ जून २०२४

ती. विद्युलताआत्यास,
रुचाचा शि. सा. न. वि. वि.

तंजावरच्या दरबारातली माझी प्रेमकथा संपादकांनी परत पाठवली. म्हणाले, राजसबाई दिसते छान, बोलते छान, पण जिवंत वाटत नाही. रडूच आलं गं. श्रावणाआधी दुरुस्त करून दिली नाही तर पुस्तक बारगळलंच. तू तिकडे तंजावरी मराठी घरांत एवढी वर्षं वावरतेस, म्हणून प्रत पाठवतेय. राजसबाईचा नवरा भीमसेन घोड्यावरून पडून बेशुद्ध होतो, तो प्रसंग आधी वाच. माझा सगळ्यात लाडका आहे.

विजयकुमारकाकांना नमस्कार. फोन नको, सविस्तर लिही.

तुझ्या लोभावर टिकून असलेली,
रुचा

चेन्नई, १५ जून

चि. रुचास अनेक आशीर्वाद.

अगं बाई! भर चौकात, सासरे-दीर उभे असताना तुझी राजसबाई नवऱ्याला भीमसेन, भीमसेन करून हाका मारते? मी इतकी हसले की ह्यांनी पेपर खाली ठेवला. तिचं सोड, मीसुद्धा चाळीस वर्षांत ह्यांना नावानं हाक मारलेली नाही. नाव घेतलं ते एकदाच, इथल्या गृहप्रवेशाला, तेही उखाण्यात:

पुण्याची पोर मी, मद्रासला आले,
विजयकुमारांच्या नावानं सांबारसुद्धा प्याले.

सांबार वाढलं की अजून तो उखाणा पुटपुटतात मेले! तर तो प्रसंग बदल. रागावू नकोस, पोरी. आणि जेवत जा वेळेवर.

मायेनं,
तुझी आत्या

पुणे, २२ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

रागावलेच आहे. पटतंय, म्हणून जास्तच. पण तो डोळे मिटून पडलाय, मग तिनं करायचं काय? नुसतं अहो म्हणायचं? एवढ्याशा शब्दात प्रेम दिसणार कसं? तीन वेळा लिहून पाहिलं, बाई लाकडाचीच राहते. तूच सांग.

हट्टी पण तुझीच,
रुचा

चेन्नई, ९ जुलै

चि. रुचास अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. घाबरू नकोस, आता सगळं ठीक आहे. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात तुझे काका न्हाणीघरात पडले. मेंदूत रक्ताची गाठ. अतिदक्षता विभागात निपचित पडले होते गं.

भव्या नावाची नर्स होती, मला अम्मा म्हणायची. ती म्हणाली, नावानं हाक मारा, मोठ्यानं. माझ्या तोंडून नाव फुटेना. अहो म्हटलं, पुन्हा अहो म्हटलं. ती वैतागली, तिला वाटलं म्हातारीला हे कळतच नाही. तुला हसले होते ना, चांगली जिरली माझी. राजसबाईला हाक मारू देऊ नकोस, पण अडखळू दे. ती तिथे लाकडाची नसते, रुचा. आतून नुसती तुटत असते.

शेवटी ह्यांचा हात धरून मी उखाणाच म्हणायला लागले. तेवढीच एक वाट होती मला नावापर्यंत जायची. नाव घेतलं आणि रडूच कोसळलं, पुढचं येईना.

तर ह्यांचे ओठ हलले. प्याले, म्हणाले. बोबडं, पण म्हणाले.

परवा घरी आणलं. आता पानावर बसलेत आणि सांबार मागताहेत, तेव्हा पत्र पुरे.

दोघांच्याही मायेसह,
तुझी आत्या