वेगळी काढलेली चादर

मंगळवार, ४

वाफ आजही बंद! बॉयलर बिघडलाय आणि धुलाईचा ठेकेदार म्हणतो, "थंड पाण्यातच काढा. पावडर जास्त टाका, वास आला की झालं. कुणी विचारलं तर वाफ चालू आहे." हॉस्पिटलच्या चादरी या — जखमांच्या, बाळंतिणींच्या! मी फक्त घड्या घालतो. मी कुणाशी खोटं बोललेलो नाही. कुणी विचारलंच नाही. देवा, कुणी विचारू नये.

बुधवार, ५

इस्त्रीवाला जेवणाच्या सुट्टीत ओरडला, "काय सोवळे, आमच्यात बसलात तर स्वर्गाचं तिकीट फाटेल का?" सगळे खिदळले. शिवी घातल्याशिवाय त्याचं वाक्य पुरं होत नाही. पिणं तर विचारूच नका. मी डबा उचलून गाठोड्यांमागे गेलो, नेहमीसारखा. कधी घोट घेतला नाही, वाईट शब्द उच्चारला नाही. प्रभूच्या माणसाने जगापासून वेगळंच राहायला हवं. पण आज डबा अर्धाच परत नेला.

शुक्रवार, ७

सूनबाईला आपल्याच हॉस्पिटलात दाखल केलं. बाळ आडवं आहे, सोमवारी पोट कापून काढणार. तिच्या खाटेवर आमची चादर — मीच घडी घातलेली!

शनिवार, ८

घरातली एक चादर मोठ्या पातेल्यात उकळली. दोनदा. उन्हात वाळवली, कुणाला हात लावू दिला नाही. बायको बघत होती.

"अहो, एकच? वॉर्डात काय एकच खाट आहे?"

मी खेकसलो. बोललो तर नोकरी जाईल, ही खोलीही ठेकेदाराचीच. नातवंडाला घेऊन रस्त्यावर बसू का? ती भांडी आवरायला लागली. भांडली असती तर बरं झालं असतं.

चादर नेऊन सूनबाईच्या खाटेवर स्वतः अंथरली. इकडेतिकडे न बघता परत आलो.

रविवार, ९

पाळकसाहेब म्हणाले, "पवित्र म्हणजे वेगळं काढलेलं. पण कशासाठी काढलेलं, ते स्वतःला विचारा." पुढचं काही ऐकू आलं नाही. डोळ्यांसमोर ती चादर. असं वाटलं, ते माझ्याकडेच बघून बोलतायत.

दुपारी वॉर्डात गेलो. माझी चादर शेजारच्या खाटेवर! तिथल्या बाईचं परवा ऑपरेशन झालंय. ताप चढलाय, कुडकुडत होती.

सूनबाई म्हणाली, "बाबा, तिची चादर भिजली होती, दुसरी मिळेना. म्हणून आपली दिली. रागावू नका हं."

सूनबाई पुन्हा हॉस्पिटलच्या चादरीवर. तो ताप कशाचा, मी डॉक्टर नाही, मला काय कळणार? सगळ्या खाटा पाहिल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पांढऱ्याशुभ्र. काय छान वास येत होता!

मेट्रनबाईंच्या दारापर्यंत गेलो. आत कुणीतरी बोलत होतं. परत फिरलो. उद्या सकाळी नक्की. नक्की म्हणजे नक्की!

सोमवार, १०

सांगितलं. मेट्रनबाई म्हणाल्या, "ठाऊक आहे. काल संध्याकाळी तुमचा इस्त्रीवाला सांगून गेला. सगळ्या चादरी बदलल्यात, तुमच्या सुनेचं ऑपरेशन उद्यावर ढकललंय." आणि म्हणाल्या, ठेकेदाराने सकाळीच त्याला हाकलून दिलं. आणखी कुणाला माहीत होतं, असं बाईंनी काल विचारलं तेव्हा इस्त्रीवाला म्हणाला होता, "कुणालाच नाही."

मी म्हणालो, "मला होतं."

त्याला भेटायला निघालो. फाटकापाशी पाय थबकले. इतकी वर्षं एका भिंतीच्या आत काम केलं — आणि तो राहतो कुठे, मला ठाऊक नाही.